शिंक

मिरचीच्या पथारीवर सगळेच शिंकतात.
हमाल शिंकतात, ट्रकचा क्लीनर शिंकतो,
उधारी मागायला आलेला चहावाला
शब्द अर्ध्यावर टाकून शिंकतो.
नंदुरबारला पौषात उन्हालाही ठसका असतो.
मी मापाडी. वीस वर्षांत माझं नाक मेलं,
काट्यावरचा डोळा तेवढा जिवंत आहे.

पिल्लू आलं तेही शिंकतच,
बारदानाच्या थप्पीमागून, आईविना,
राखी, मुठीएवढं, एका कानावर लाल भुकटी.
सवयीनं नमुन्याच्या छोट्या काट्यावर ठेवलं.
चारशे दहा ग्रॅम.
"हमाली धरून का?" सुपडूनं विचारलं.

दिवसातले वीस तास ते झोपायचं.
वहीवर, माझ्या टोपीत,
एकदा तर भरल्या पोत्याच्या शिवणीवर,
अर्धं अलीकडे, अर्धं पलीकडे लोंबतं.
झोपेत मिशा थरथरायच्या,
पंजे हवेत कसलीशी कणीक मळायचे.
मी घाबरून हलवायचो.
ते एक डोळा उघडून असं बघायचं
जणू मी भाव पाडायला आलेलं गिऱ्हाईक.

हिरकणाबाई देठ खुडता खुडता म्हणाली,
"नींदमाच वाढस लेकरू. जपू दे त्याले."
तिचा नातू दोन बल्ल्यांमधल्या झोळीत.
दर सात-आठ मिरच्यांमागे तिची मान तिकडे वळते,
हात थांबत नाही.

आमच्या अहिराणीत झोपणं म्हणजे जपणं.
बाजाराच्या मराठीत जपणं वेगळं.
मग ते एका अर्थानं जपत राहिलं,
मी दुसऱ्या.

आणि ती दुपार.
फटकी निवडणं चाललेलं, वारा फिरला,
अख्खी पथारी एका दमात शिंकली.
झोळीतलं पोरही शिंकलं.
ते शिंकलं नाही.

उचललं तर अंगात हाडं नसल्यासारखं.
बोंबलाचा तुकडा नाकाशी धरला,
मिशी हलली नाही.
डोळा धड मिटलेला नाही, धड उघडा नाही,
कोपऱ्यातून एक पांढुरका पडदा आत सरकलेला.
मानेची कातडी चिमटीत धरून सोडली,
ती तशीच उभी राहिली, ओल्या बारदानाची घडी.
काट्यावर तीनशे पन्नास.
वाढायच्या दिवसांत साठ ग्रॅमची तूट.
एवढी तर मी शेठजीलाही सोडली नसती.

जनावरांच्या दवाखान्यात दोन म्हशी पुढे होत्या.
गोकुळ ड्रेसरनं ओठ वर करून हिरडी दाबली.
"फटकी झालीय," मी म्हणालो.
त्याला कळलं नाही. आमच्याकडे रंग उडालेल्या
मिरचीला तसं म्हणतात.
कातडीखाली सुई, पाठीवर सलाईनचं टेंगूळ.
"ऊब द्या. दूध अजिबात नको.
झोपल्यावर श्वास मोजा. चाळिसाच्या वर राहिले
तर सकाळची वाट बघू नका."

रात्री पथारीवर एक बल्ब,
गरम पाण्याची बाटली, फडक्यात गुंडाळून.
मोजायला बसलो.
मापाड्याची जीभ, एक म्हणत नाही:
लाभ, दोन, तीन, चार...
सत्तेचाळीस.
उठून चप्पल घातली, पुन्हा बसलो.
लाभ, दोन, तीन...
बेचाळीस.
मधे मलाच डुलकी लागली, आकडा सांडला.
लाभ.
मी आजवर कुणाचं एवढं मोजलं नव्हतं
ज्याचं बिल होणार नव्हतं.
चाळीस. अडतीस.

पहाटे कधीतरी, कशानं कोण जाणे,
माझं मेलेलं नाक हुळहुळलं
आणि मी शिंकलो, खांब हलेल असा.
त्यानं एक डोळा उघडला.
तोच डोळा. तेच गिऱ्हाईक.

आता पुन्हा जपलंय, वहीवर, कालच्या तारखेवर.
यातली झोप कुठली आणि ग्लानी कुठली
हे मला अजून धड ओळखता येत नाही.
म्हणून बोंबील खिशातच ठेवतो.
बायको म्हणते, सदऱ्याला वास मारतो.
असेल. मला येत नाही.